मिरचीला गेलेली अंगणवाडी

त्या पिकअपमधली लेकरं आजही डोळ्यांसमोर येतात. तेव्हा मी कुरखेड्याच्या बाजूला, जंगलातल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांनी जोर धरला होता. अनोळखी फेरीवाल्यालाही लोक घेरत. एका सकाळी हजेरी आटोपून ड्युट्या वाटत होतो, तेवढ्यात आमच्या खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, मासोळीची पिकअप हाये. मांगं सारे लहान लहान पोट्टे बसवले. एकाची बी माय संगं नाई. रडून राह्यले."

फाट्यावर नाकाबंदी लावली. गाडी सापडली. ताडपत्रीखाली दहा-बारा मुलं, सगळी तीन ते पाच वर्षांची, धुतलेले कपडे, डोक्याला चपचपीत तेल. त्यांच्यात एक चाळिशीची बाई. चालक तळ्यातली मासोळी बाजारात नेणारा. मुलं कोणाची, विचारलं तर नुसता खाली बघत राहिला. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. चौकशी नाही, खात्री नाही, आधी थापड. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ठाण्यात त्याचं कोणाला काही वाटायचंही नाही, मला मात्र वाटत राहिलं.

ठाण्यात आणेपर्यंत फाटकाबाहेर गर्दी जमली. चोर आमच्या हवाली करा, असा ओरडा सुरू झाला. आत बाईची चौकशी.

"मुलं कोणाची?"

"बहिणीईची, साहेब."

"सगळी?"

"लय बहिणी हायेत मले."

आमची महिला शिपाई हसू दाबत म्हणाली, "साऱ्याच बहिणी एकाच साली बाळंत झाल्या काऊन, बाई?"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलणारा माणूस आपल्याकडे बघतो, थाप पचली का ते पाहतो. ही सारखी मुलांकडे बघत होती. माझ्या ते लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

महिला शिपाईने बिस्किटांचे पुडे फोडले. एकाही मुलाने हात लावला नाही. सगळी गोल करून बसली, हात जोडले, डोळे मिटले. मी टोपी घालून खोलीत गेलो तर ताडकन उठून ओरडली, "नमस्ते साहेब!" एका चिमुरडीला जवळ घेऊन नाव विचारलं. तिने आधी बाईकडे पाहिलं, मग मला विचारलं, "घरचं सांगू का आजचं?"

बाईने पदर तोंडाला लावला. मग सगळं बाहेर आलं.

ती पलीकडच्या गावची अंगणवाडी सेविका. चालक तिचा भाऊ. तिच्या गावातली बहुतेक कुटुंबं धान निघालं की मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि लेकरं सोबत नेतात. पट भरलेला, खोली रिकामी. मागच्या तपासणीत तसंच दिसलं होतं. आजच्या तपासणीत पुन्हा दिसलं तर अंगणवाडी बंद करून नाल्यापलीकडच्या गावाला जोडणार होते. मधे जंगल, वाघाचा वावर.

"तिकडं कोन माय धाडन जी आपलं लेकरू?" ती म्हणाली. "थे घरीच राह्यतीन मंग."

म्हणून तिने माहेरच्या गावची मुलं, आईबापांना विचारून, एका दिवसापुरती आणली होती. प्रत्येकाकडून पटावरचं एकेक नाव पाठ करून घेतलं होतं.

मी तिच्या माहेरच्या पोलीस पाटलांना बोलावलं. त्यांनी मुलं ओळखली, फाटकावर जाऊन लोकांना सांगितलं आणि गर्दी पांगली. चालकाला म्हटलं, "माझी चूक झाली, भाऊ."

"जाऊ द्या साहेब. तुमची एकच बसली. बाहेरच्याईनं त मोजल्या बी नसत्या."

तो हसला. मला हसता आलं नाही.

सेविकेला सांगितलं, "मुलं घरी पोचव. उसन्या लेकरांवर अंगणवाडी किती दिवस चालवशील?" मग तिच्या पर्यवेक्षिकेला स्वतः फोन केला. मिरचीचं खरं ते सांगितलं, उसन्या मुलांचं सांगितलं नाही. स्टेशन डायरीतही 'मुले नातेवाइकांसोबत, खात्री केली' एवढंच लिहिलं. ते अर्धंच खरं होतं. पर्यवेक्षिका फोनवर तडकल्या, "गाव मिरचीला जातं हे मला कोणी सांगायचं नाही का?" पण तपासणी पुढे ढकलली.

मिरचीवाले परतल्यावर ती झाली. गस्तीच्या निमित्ताने मीही डोकावलो. खोली गच्च भरली होती. पर्यवेक्षिकेने एका मुलीपुढे चिंचोके ठेवले. "मोज बरं."

"ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू..." बाकीची मुलंही सुरात सुरू झाली.

सेविका घामाघूम. "मॅडम, मिरचीच्या वावरात तेलगू शिकले जी. मराठीत बी येते त्याईले."

"थांबा हो, मोजू द्या," पर्यवेक्षिका म्हणाल्या. दहापर्यंत एकही चुकलं नाही. त्यांनी शेरा लिहिला, 'मुलांना मोजता येते.'

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, म्हणून वरिष्ठांच्या लेखी ते प्रकरणच नव्हतं. माझ्या लेखी मात्र होतं. त्यानंतर विचारण्याआधी माझा हात कोणावर उठला नाही. आणि मोठी माणसं गप्प बसली की मी खोलीतल्या सर्वांत लहानाशी बोलायला बसू लागलो.

ती अंगणवाडी अजून तिथेच भरते. मिरचीच्या दिवसांत रिकामी असते, पण ती का रिकामी आहे हे आता वर माहीत असतं.