मुलींच्या घरातला मुलगा

मी आज जो काही आहे तो इंदूमावशीमुळे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिच्या या थोरल्या बहिणीने मला वाढवलं, तालुक्याच्या कॉलेजातून पदवीधर केलं आणि एके दिवशी मुंबईच्या एसटीत बसवलं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "आमच्यात चेडू रवता, झील जाता. वायट वाटून घेव नको."

मुलगी राहते, मुलगा जातो, ही आमच्या घराची रीतच. पणजीने, द्वारकाबाईने, वेंगुर्ल्याजवळ खानावळ काढली. तेव्हापासून घर आणि चूल आईकडून मुलीकडे जाते. जावई राहायला येतात, मुलगे बाहेर पडतात. गावात आम्हाला अजून द्वारकाबाईचीच पोरं म्हणतात.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गेलो तो सवयीने सरळ स्वयंपाकघरात पाट ओढून बसलो. मावशीने हातातली पळी खाली ठेवली. "भायर बस, बाबा. आता तू पावणो." पडवीत, गिऱ्हाइकांच्या पंगतीला मी जेवलो. सुरमईचा तुकडा मात्र सगळ्यांत मोठा होता.

लालबागला आता तेवीस वर्षं झाली. चाळ पाडून टॉवर झाला, मी चौदाव्या मजल्यावर गेलो. लग्न राहूनच गेलं. चाळीत कुणी ना कुणी दार ढकलून आत यायचं. इथे बेल वाजली की डिलिव्हरीवाला असतो, आणि बऱ्याचदा तोही शेजारच्यांचा. माझगावच्या ऑफिसात सावंत दर मे महिन्यात विचारतो, "काय रे, परत मावशीकडे? आजोळी जायचं वय आहे का तुझं? स्वतःचं घर कुठंय?" मी हसतो.

यंदा गणपतीनंतर मावशीचा फोन आला. तिला मूल नाही, घरात आता मुलगी उरली नाही. "रीत माझ्याबरोबर संपली. घर तुझ्या नावार करतंय. कायमचो ये."

हेच ऐकायची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. आठवडाभर मनातल्या मनात भिंतींना रंग देत होतो. मग, या सगळ्यात शारदा कुठे राहणार, हे मनात आलं. नवऱ्याने टाकल्यावर ती तान्ही मुलगी घेऊन मावशीकडे आली, तेव्हापासून तिथेच आहे, खानावळीत राबते. दोन दिवसांनी हे पत्र टाकलं:

ती. मावशीस सा. न.

घर मला नको. शारदेला दे. सोळा वर्षं ती तुझ्याबरोबर चुलीपुढे उभी आहे. तिची मुलगी तुला आजी म्हणते. रक्ताची नाही म्हणशील, पण खानावळ तीच चालवील. माझ्याने मुंबई सुटायची नाही, मी घेतलं तर तिथे कुलूप लागेल. मग मे महिन्यात फक्त चार दिवस येईन, जाळी झाडीन आणि परत फिरेन. कौलांतून धूर निघताना दिसेल ते घर मला हवंय, कागदावर नाव कुणाचंही असो.

पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी घर मागून घेईन.

तुझा,
विनू