चौथी ओळ

आमच्या कंसवाल्या मॅडमना गाळलेला कंस खपत नसे. फळ्यावर कुणी गुणाकाराची तीन अक्षरं नुसती शेजारी मांडली, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “आधी कोणते दोन?” रायपूरच्या आमच्या गणित विभागात त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं.

मी पीएच.डी.साठी त्यांच्याकडे गेले, तेव्हा चौबे कॉलनीतल्या घरी त्यांनी माझ्यापुढे चहाचे दोन कप ठेवले. एकात पत्ती पाण्यात उकळून मग दूध घातलेलं. दुसऱ्यात पाणी आणि दूध आधीच एकत्र करून त्यात पत्ती टाकलेली.

“सामान तेच, क्रम तोच. कंस हलला अन् चव बदलली,” त्या म्हणाल्या. “तुले जिथं काम करायचं आहे नं, तिथं गुणाकार असाच वागते.”

त्यांचे वडील रेल्वेत, बालपण विदर्भातल्या क्वार्टर्समध्ये. बोली त्यांनी कधी बदलली नाही. मला मराठी समजायची, पण उत्तरं मी हिंदीतून द्यायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

आमचा विषय अनंत मितीची ली बीजगणितं. एवढ्या अवाढव्य गोष्टीला हात घालायचा तर आधी तिचा सांगाडा शोधायचा; मग त्याच्या चौकटींत कोणत्या प्रकारच्या संख्या बसतात ते पाहायचं. त्या संख्यांच्या जगाला सहनिर्देशक बीजगणित म्हणतात. त्यात कंस कुठेही ठेवला तरी चालतो, असं मी सिद्ध केलं होतं. प्रबंध टाइप झाला होता, फेलोशिप संपत आली होती आणि भिलाईला आईनं पेढ्यांची ऑर्डरही दिली होती.

विभागातल्या शेवटच्या सेमिनारमध्ये मी तीन ओळी-तीन स्तंभांच्या चौकटीपर्यंत आले आणि मॅडम उठून फळ्यापाशी आल्या.

“पोट्टी, या पायरीले चार ओळी लागतात. चौकट तीनचीच. चौथी ओळ कुठून आणली?”

“मॅडम, वो तो थीसिस का सबसे छोटा केस है...” मी म्हणाले. चौथी ओळ नव्हतीच. प्रमेय सर्वांसमक्ष कोसळलं आणि मला रडू फुटलं.

मॅडम मात्र चक्क टाळी वाजवून हसल्या. “रडून काहून राहिली? मीच तर तीनदा वाचलं होतं, मलेही नाही दिसलं! म्हणजे इथं काहीतरी भारी लपलं आहे.”

तो उन्हाळा आम्ही कूलरसमोर फरशीवर कागद पसरून काढला. शेवटी सापडलं: तीन ओळींत कंस सरसकट हलत नाहीत, पण तीन संख्यांपैकी दोन सारख्या असल्या की हलतात. ते सापडल्यावर मॅडम माझा हात धरून स्वयंपाकघरापर्यंत नाचत गेल्या.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तासभर त्याच प्रकरणावर विचारलं आणि शेवटी उभं राहून माझं अभिनंदन केलं. पेढे उशिरा आले, पण दुप्पट आले.

त्याच वर्षी मॅडम निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेल्या. निरोपाची भाषणं झाली, हार झाले. गाडी फाटकाबाहेर वळत असताना त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्या ओरडल्या, “दोन ओळींच्या चौकटीचं राहिलं आहे! रविवारी ये, पाटवड्या करून ठेवते!”

“येते, मॅडम!” मी ओरडले. चक्क मराठीत.

रविवारी पहाटे मी नागपूरच्या गाडीत बसले. दुर्ग यायच्या आतच त्या दोन ओळींवरची माझी पहिली तीन पानं चुकली होती, आणि मला ती कधी एकदा मॅडमना दाखवते असं झालं होतं.