गडग्यापलीकडचा मंडणगड

रत्नागिरी जिल्ह्यातून मी एक अख्खा तालुका गाळला आणि त्याचा दोष तिसरीतल्या एका मुलीवर ढकलला. हे करताना माझा आवाजसुद्धा कापला नाही. मी प्राथमिक शिक्षक आहे. मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगण्याचा मला पगार मिळतो.

तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा शिकवायचा असतो. भिंतीवरच्या नकाशाकडे मुलं बघतात, पण त्यांचं लक्ष त्याच्यावरच्या पालीकडे असतं, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. म्हणून यंदा मी ठरवलं की नकाशा अंगणात करायचा. चालता येईल एवढा मोठा, मातीचा. शाळेच्या बाजूला दक्षिणोत्तर लांब पट्टा मोकळा होता. त्याच्या उत्तर टोकाला शेजारच्या आजींचा गडगा, म्हणजे जांभ्याचे चिरे नुसते एकावर एक रचून केलेली कमरेएवढी भिंत.

चुन्याची फक्की घेऊन मी दक्षिणेकडून सुरुवात केली. दक्षिणेला राजापूर. मी राजापूर तालुक्यातला. आता सगळं कबूल करायला बसलोच आहे तर हेही सांगतो, की तिथे माझा हात जरा सैल सुटला. राजापूर आखता आखता मी आमची वाडी आखली, वाडीची पाणंद आखली, देऊळ आखलं. बाकीच्या गावांना एकेक खडा, आमच्या गावाला तुळशीचं रोप. मग लांजा झालं, रत्नागिरी झाली, संगमेश्वर झालं. गुहागर आणि चिपळूणपाशी जागा कमी पडतेय असं वाटायला लागलं. खेड आणि दापोली आखली आणि माझी पाठ गडग्याला टेकली. मंडणगड राहिला होता.

तेव्हाच पुसून पुन्हा आखायला हवं होतं. पण चुना संपला होता आणि मुलांनी दगड रचायला सुरुवातही केली होती.

दोघातिघांत मिळून एकेक तालुका वाटून दिला आणि शाळेचं रूपच पालटलं. मुलांनी सह्याद्री रचला, नद्या कोरल्या. एका पालकांनी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून जुनं निळं जाळं आणून दिलं, ते आम्ही पश्चिमेला समुद्र म्हणून अंथरलं. त्याला मासळीचा असा वास होता, की पुढचा आठवडाभर आसपासची मांजरं अरबी समुद्रात बसून असायची. मुलं एकमेकांना नावानं हाक मारेनाशी झाली.

"ए गुहागर, तुझी वाळू माझ्यात येते."

"गुरुजी, चिपळूणनं वाशिष्ठीचं सगळं पाणी ओतून टाकलं, आता दाभोळला काय घालू?"

"लांजा आज आला नाय. त्याला ताप आहे."

मी हजेरी घेताना मधल्या सुट्टीतला हा गोंगाट आठवून हसायचो. इतक्या वर्षांत एवढं छान शिकवल्याचं मला आठवत नाही.

दिवाळीनंतर वर्गात एक मुलगी नवीन आली. वडिलांना मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात काम लागलं, म्हणून घर इकडे हललं होतं. मुलं तिला अंगणात घेऊन गेली आणि तिचा तालुका विचारला. ती मंडणगडची निघाली. तिनं दापोलीपर्यंत नकाशा पाहिला, गडगा पाहिला आणि माझ्याकडे आली.

"गुरुजी, माझा कुठं?"

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "गडग्यापलीकडे समज."

"बरं," म्हणाली आणि गेली.

तेवढ्यावरून पोरांनी तिला नाव दिलं, गडग्यापलीकडची. सगळे आपापल्या तालुक्यात उभे राहून एकमेकांना साद घालायचे तेव्हा तिला उभं राहायला जागा नसायची. मी ते बघत होतो आणि पुढच्या आठवड्यात काहीतरी करू, असं दर आठवड्याला ठरवत होतो. काही दिवसांनी ती सुट्टीत दिसेनाशी झाली. खेळायला गेली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मग केंद्रप्रमुख मॅडम उपक्रम बघायला आल्या, सोबत दुसऱ्या शाळांचे शिक्षक. मुलांनी आपापल्या तालुक्यात उभं राहून माहिती सांगितली. मॅडम खूश होत्या. समुद्रातल्या मांजरांचाही त्यांनी फोटो काढला. मग बोटांवर मोजत म्हणाल्या, "गुरुजी, आपले तालुके नऊ ना? मंडणगड दिसत नाही."

ती मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "या मुलीकडे दिला होता, मॅडम. नवीन आहे. तिच्याकडून झाला नाही."

दापोलीनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ते मिटलं.

मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे गो. पुढच्या वेळी पूर्ण कर हं." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. चारचौघांच्या टाळ्यांत ते निभावून गेलं.

शाळा सुटल्यावर मी कुलूप लावत होतो तेव्हा गडग्यावरून आजींची हाक आली.

"मास्तर, तुमचा तो डोंगर माझ्या कोंबड्या उकरतात. काय ते बघा."

"कुठला डोंगर, आजी?"

"कुठला म्हणजे? तुम्हीच त्या पोरीला जागा दिलीत ना? मंडणगड इकडं करायचा असं गुरुजींनी सांगितलंय म्हणाली. मी म्हटलं, सरकारी काम दिसतंय, कशाला आड या."

बेड्याचे, म्हणजे फाटकाचे, वरचे आडवे बांबू सरकवून आणि खालचे ओलांडून मी आजींच्या परड्यात, घरामागच्या परसात गेलो. आमच्या बाजूला खेडचे डोंगर जिथे गडग्याला भिडत होते, बरोबर तिथूनच पलीकडे माती पुढे चढत गेली होती. वर जांभ्याचा तुकडा ठेवून किल्ला केला होता. उत्तरेला सावित्री कोरली होती आणि ती आजींच्या मोरीच्या पाण्याला जोडून दिली होती. अख्ख्या जिल्ह्यात वाहतं पाणी असलेली तेवढी एकच नदी. किल्ल्याखाली करवंटीचं घर आणि घरापाशी काडेपेटीची एसटी.

"तो दापोली इकडं माती टाकून द्यायचा," आजी म्हणाल्या. "ही थापायची. चांगली पोर आहे. माझी मोरी पण साफ झाली."

मी कामचुकारपणा लपवायला एक वाक्य फेकलं होतं आणि तिनं ते गृहपाठ समजून पुरं केलं होतं. आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की तिच्याकडून झालं नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली नाही. पळवाटा शोधल्या. तिला घंटा वाजवायचं काम दिलं. तिनं ती इमानानं वाजवली. तासाला पृथ्वीगोल धरायला दिला. तिनं धरला. शेवटी म्हणालो, "तुझा तालुका बघितला गो. फार छान केलास."

"मग त्या बाईंना झाला नाय म्हणून का सांगितलंत?"

"मी बघितला नव्हता."

"मला विचारायचंत."

रागानं नाही, मी तिला उदाहरण समजावतो त्या स्वरात. मग खाली बघून म्हणाली, "त्या आता म्हणतील, मंडणगडची पोरं काम करत नाहीत."

तेव्हा मला कळलं की घंटा आणि पृथ्वी तिच्या काहीच उपयोगाची नव्हती. तिला मॅडमना ते कळायला हवं होतं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कोकमाची सोलं वाळत घालत होती. "एवढ्याशा मुलीची माफी मागायची तर इतका काय विचार? माझी मागायला तर तुम्ही वर्षं घेता, तिला आठवड्यात उरका." मी म्हटलं, मॅडमसमोर मागावी लागेल. "मग चांगलंच आहे. एकाच खेपेत तिची आणि मॅडमची, दोघींची होईल."

सकाळी मॅडमना फोन केला. म्हटलं, मंडणगड तयार आहे, एकदा याल का? त्या म्हणाल्या, शनिवारी त्याच वाटेनं जायचंय, येते.

शनिवारी वर्ग अंगणात जमला. मॅडमनी विचारलं, "कुठाय?" मुलीनं गडग्याकडे बोट दाखवलं. पण मॅडमची साडी आणि बेड्याचे बांबू यांचं जमणारं नव्हतं. आजी पलीकडे उभ्या राहून बघत होत्या.

"त्याला काय एवढं," त्या म्हणाल्या. "गडगा माझा आहे. काढा इथले चिरे. फक्त पावसाच्या आधी परत रचून द्यायचे आणि कोंबडी तिकडं आली तर तिला समुद्रात घालायची नाय."

चिरे काढायला सगळे तालुके धावले. खेडनं एक उचलला, तो दापोलीच्या पायावर पडता पडता वाचला. वाट मोकळी झाली आणि डोंगराची रांग इकडून तिकडे सलग दिसली. मोरीचं पाणी चकाकत होतं. मुलगी किल्ल्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि न अडखळता सांगायला लागली: किल्ला, सावित्री, बाणकोटची खाडी, तिच्या वाडीत एसटी कुठपर्यंत येते आणि पुढे किती चढ चालावा लागतो. मॅडम वाकून करवंटीचं घर बघत होत्या.

"किती नीट केलंस गो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी झालं नव्हतं, नाही का?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. दापोलीनं पुन्हा तोंड उघडलं, पण या वेळी मी त्याच्या आधी बोललो.

"मॅडम, तो त्या दिवशीही झाला होता. मंडणगड मी कुणालाच दिला नव्हता. जागा मी माझ्या राजापुरात उधळली आणि हिला गडग्यापलीकडे जा म्हटलं. हिनं तिथं जाऊन केला. मी न बघताच तुम्हाला खोटं सांगितलं आणि माझी चूक हिच्यावर घातली."

अंगणात कोंबड्या सोडल्या तर कुणी हललं नाही. मी वाट ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मंडणगड," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ कर."