आडवी रेघ

२० फेब्रुवारी २०२४. रुपये १,१४०. बारा अर्जांचा हा विलंब आकार वेसाव्याच्या जयाने स्वतःच्या पर्समधून भरला. पावती मीच फाडली, मासळी सोसायट्यांच्या आमच्या संघाच्या अंधेरीच्या कार्यालयात.

जया मासळी विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीची कारकून, रोजंदारीवरची. तिचा संगणक इतका जुना की भाच्याने त्यावर जेमतेम चालेल एवढंच घालून दिलं होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसही नाही. संघाची परिपत्रकं वेबपानासारखी सजवलेली असत. जया ती बाणाच्या कळा दाबत वाची. "रंग नाय, चित्र नाय, जाहिरात नाय. काटे काढलेली मासळी, नंदूभाऊ!" त्या पडद्यावर मराठी उमटत नसे, म्हणून मी तिला इंग्रजीत पाठवायचो.

बर्फपेट्यांच्या अर्जांची मुदत आधी २३ फेब्रुवारी होती, मग १६ झाली. मी २३ पुसली नाही. चुकलेला आकडा खोडावा, पण तो वाचता यावा, हे कॉमर्सला शिकलो आणि पस्तीस वर्षं पाळलं. २३ वर आडवी रेघ मारली, शेजारी १६ लिहिलं.

जया अर्ज घेऊन आली २० तारखेला. संघाच्या पुढच्या बैठकीत तिला कायम करायचं होतं. त्यासाठीच्या टिपणात मी 'निष्काळजीपणा' असं लिहिलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी तपासणीसाठी वेसाव्याला गेलो. जयाने परिपत्रक उघडून दाखवलं. २३ आणि १६, शेजारी शेजारी. रेघ नव्हती. तिच्या पडद्याला रेघ दाखवताच येत नव्हती. मी चहा संपवून निघालो. टिपण बदललं नाही.

बैठकीत जया म्हणाली, "माझ्याकडे दोन्ही तारखा दिसत होत्या."

"मग सोयीची धरलीस होय गं?" अध्यक्ष बळवंतराव म्हणाले. सगळे हसले. जयाने माझ्याकडे पाहिलं. डिसेंबरात मी निवृत्त होणार होतो, एकही शेरा नसलेला. मी फाईल चाळत राहिलो. तिचा विषय पुढे ढकलला गेला.

आठवड्याने १,१४० रुपयांचं पाकीट घेऊन तिच्याकडे गेलो.

"घेते ना," ती म्हणाली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "पण कशापोटी, ते आधी लिहा."

मी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

जया अजून रोजंदारीवर आहे. तिचे १,१४० रुपये माझ्याकडून येणे आहेत.