पापणी ओढून पाहणाऱ्या तायडे सिस्टर

आमच्या तायडे सिस्टर माणसाला भेटल्या की नमस्कार करायच्या नाहीत. अंगठ्याने त्याच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढायच्या. आतून लाल दिसली तर "बरं हाये" म्हणून पुढे जायच्या. फिकी दिसली तर त्या माणसाचा सगळा दिवस गेला. पोस्टमन, दूधवाला, मत मागायला आलेला उमेदवार, कोणालाही सूट नव्हती. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाची पापणी ओढली आणि भटजींना म्हणाल्या, "जरासे थांबा महाराज, पोट्ट्याच्या अंगात रगतच नाई." मंगलाष्टकं तिथेच अडली आणि मुहूर्त टळून सव्वा तास गेला. माझी बायको वंदना म्हणते, दोनच मिनिटं गेली. पण ती तेव्हा पंगतीत जागा धरून बसली होती, तिच्या साक्षीला काय किंमत.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्स. पातूरच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी उभी नोकरी पायी काढली. इतकी बाळंतपणं केली, की पातूरच्या बाजारात त्या शिरल्या म्हणजे निम्मा बाजार उठून उभा राही आणि उरलेला निम्मा लपून बसे, कारण त्याने पोराला लस टोचून घेतलेली नसे. निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्यात आमच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या. नवरा लवकर गेलेला, एकुलती मुलगी अमरावतीला दिलेली. रविवारी सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात जायच्या, आणि उरलेले सहा दिवस संतापलेल्या असायच्या. अकोल्याच्या मे महिन्यात डांबराला चपला चिकटतात, पण सिस्टरच्या चपला कधी चिकटल्या नाहीत. डांबर भीत असावं.

त्यांचा सगळ्यात जुना राग चहावर होता, म्हणजे लेकरांच्या चहावर. कोणाच्या ओट्यावर बशीत बिस्कीट बुडवून पोराला भरवताना दिसलं, की त्या तिथेच उभ्या राहायच्या. "लेकरू रडलं का चहा, भुकेजलं का चहा, पावना आला का चहा. लेकरू हाये का टपरी हाये ते? त्यानं त्याची भूक मरते, बाई. अन् जेवनाच्या मागंपुढं पेलं, तर खाल्लेल्या भाजीतलं लोह बी अंगी लागत नाई." समोरची बाई बशी पदराआड करायची. सिस्टर पदर बाजूला करायच्या.

त्या वेळी माझी मुलगी सानू सात वर्षांची होती आणि माझ्या छातीत मावत नाही एवढा अभिमान मला तिच्याबद्दल होता. कारण असं, की तिला पाटीवरच्या पेन्सिलींचा एक डबा आठ दिवससुद्धा पुरत नसे. पाटबंधारे खात्यातल्या आमच्या ऑफिसात मी सांगत सुटलो होतो, की पोरगी एवढं लिहिते, एवढं लिहिते, की कलेक्टर होण्यावाचून तिला गत्यंतर नाही. एका दुपारी हेच मी सिस्टरना कुंपणावरून सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाटी दाखव." मी आणली. पाटी कोरी करकरीत, पांढऱ्या रेघेची ओळख नसलेली.

"पेन्सिली लिवून सरल्या का खाऊन सरल्या, बापू?" सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी सानूला जवळ घेऊन तिची पापणी ओढली. आत रंग म्हणून नव्हताच. "बाप हायेस का भाट? पोरगी माती, खडू, पेन्सिली खाऊन राहिली, जिना चढता चढता दम लागून राहिला, अन् तू तिचं कौतुक सांगत गावभर फिरून राहिला. उद्याच्या उद्या डॉक्टरले दाखव अन् रगत तपास. माह्या अंगठ्यावर इस्वास ठेवू नको. अंगठा डॉक्टर नाई."

रक्त तपासलं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, जंताची एक गोळी दिली आणि लोहाचं पातळ औषध लिहून दिलं. घरी येताना सिस्टरनी दारातच अडवलं आणि औषध कसं द्यायचं ते वंदनाला, मला आणि माझ्या आईला ओळीने उभं करून सांगितलं. "उपाशीपोटी, लिंबाच्या पान्यासंगं. दुधात नाई, चहात नाई. दूध लेकराले दे, चांगलं हाये, पन चार घंट्यांनी दे. या दोघांचं पटत नाई. शी काळी होईन, भेवू नका. दात काळे पडतीन, तर चूळ भरवा. अन् रगत भरलं म्हनून डॉक्टरले न विचारता मधीच औषध बंद करू नका." आईने मान हलवली. वंदना बँकेत जायला सकाळी लवकर निघायची, म्हणून औषधाचं काम आईकडे आलं.

इथे आईविषयी सांगायला हवं, आणि ते सांगताना मी काही वाढवून सांगणार नाही. आई बाळापूरकडची, काळ्या मातीतल्या शेतकऱ्याची लेक. सिस्टरकडून रक्तदाब मोजून घ्यायची, गुडघ्याला काय लावू ते विचारायची, रात्री छातीत दुखलं तर आधी त्यांनाच हाक मारायची. पण सिस्टरच्या घरचं पाणी आईने कधी घेतलं नाही. सिस्टर वाटीतून काही पाठवायच्या, आई हसून वाटी घ्यायची, आणि दार लागलं की वाटीतलं सगळं गायीच्या टोपल्यात. वाटी घासून, त्यात साखर घालून परत. हे मी पाहत होतो. मी, जो ऑफिसात टेबल आपटून सांगायचो की आमच्या घरात असलं काही मानत नाहीत.

महिनाभराने शाळेत पालकांची सभा झाली. विषय होता मुलांचा आहार, आणि बोलायला कोण, तर टाय लावलेला एक विक्रेता. त्याच्या मागे पावडरच्या डब्यांचा मनोरा. दुधात दोन चमचे घातले की मूल उंच होतं, हुशार होतं, सगळं होतं, असं त्याने सांगितलं. आम्ही दीडशे आईबाप असे ऐकत होतो जणू आमची पोरं सभा सुटेपर्यंत वाढणार आहेत. मागच्या रांगेतून सिस्टर उठल्या. त्या कोणाच्या पालक नव्हत्या, बोलावलेल्या तर नव्हत्याच.

"बापा, डब्ब्यामांगं बारीक अक्षरात का लिवलं हाये, ते मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं नाही. सिस्टर पुढे गेल्या, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि स्वतः वाचलं. पहिल्या दोन नावांत साखर होती. "हे घ्या, साखर इकून राहिला. बाई, घरी दाळी हायेत ना? फुटाने हायेत, शेंगदाने हायेत, चवळी हाये, हिरवी भाजी हाये, अंडं खात असान तर अंडं हाये. वरून लिंबू पिळा. गूळ खा, पन नुसत्या गुळानं रगत भरते म्हनून बसू नका. लेकराची थाळी..." एवढ्यात मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, खाली बसा. पाहुणे आहेत ते." आणि दीडशे माणसं हसली. तीस वर्षं ज्या बाईने या जिल्ह्यातली लेकरं हातावर झेलली, तिला खाली बसवून आम्ही टायला टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. येताना एक डबा घेऊन आलो. आजही ते आठवलं की माझे तळहात चुरचुरतात.

औषध सुरू होऊन तीन महिने झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं. होतं तेवढंच. उलट थोडं कमी. सानू शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहू लागली होती. डॉक्टर म्हणाले, आता नागपूरला नेऊन मोठ्या तपासण्या कराव्या लागतील, रक्ताचाच काही आजार आहे का ते पाहावं लागेल. वंदना त्या रिपोर्टकडे पाहत रडली, मी छताकडे पाहत राहिलो. संध्याकाळी सिस्टर आल्या. रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि सरळ सानूसमोर उकिडव्या बसल्या.

"सानू, औषध कायच्यात पेतं वं?"

"दुधात," सानू म्हणाली. "आजी पावडर पण टाकते. मग कडू नाही लागत. वरून चहा पण देते घोटभर."

आम्ही सगळे आईकडे वळलो. मग आई म्हणाली, "लिंबानं सर्दी होते पोरीले. अन् दुधानं कोनाचं वाईट झालं? सगळं या सिस्टरच्याच मनानं काहून करावं आमी?"

मला वाटलं, आता सिस्टर आईला सोलून काढणार. त्यांनी आईकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळल्या. "माय तुही जुनी हाये, बापू. तिनं तिच्या जीवानं केलं. तुले का झालं? नव्वद दिवस लेकराच्या तोंडात का जाऊन राहिलं, हे पायाले बापाले टाइम नाई? पावडरीचा डब्बा आनाले टाइम होता. उद्या डॉक्टरले खरं सांग. ते म्हनतीन ना, तसं कर. पन खरं सांग."

मी खरं सांगितलं. डॉक्टर पंधरा मिनिटं माझ्याशी बोलले, त्यातला एकही शब्द इथे छापता येणार नाही. मग त्यांनी नागपूर लांबणीवर टाकलं आणि सांगितलं, औषध नीट द्या, एका महिन्याने पाहू. सकाळचं औषध मी माझ्या हाताने देऊ लागलो. दुपारी तिला जेवू घालायचं काम सिस्टरनी मागून घेतलं. "शाळा सुटली का माह्याकडे पाठव. घरी ते खात नाई, इथं कशी खात नाई पायतो मी."

आणि इथे मी दुसरा पळपुटेपणा केला. सानू सिस्टरकडे जेवते, हे आईला सांगायची माझी छाती झाली नाही. मी सांगितलं, शिकवणी लावली आहे. रोज दुपारी सानू दप्तर घेऊन शिकवणीला जायची आणि ज्वारी-उडदाची भाकर, अंबाडीची भाजी, वरण, अर्धं लिंबू, आणि एकाआड एक दिवस उकडलेलं अंडं शिकून यायची. सिस्टर भरवत नसत, धाकही दाखवत नसत. ताट समोर ठेवायच्या, स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या आणि आवडीने जेवायला लागायच्या. "लेकराच्या मांगं घास घेऊन पळू नको," त्या मला म्हणायच्या. "त्याच्यासमोर बसून खा. मोबाइल बाजूले ठेव. पायते ना ते." महिन्याने रक्त थोडं चढलं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी फाडून टाकली. सानू जिना धावत चढू लागली, आणि पेन्सिलीचा डबा इतका पुरला, की ऑफिसात लोक विचारू लागले, पोरगी अभ्यास करत नाही का आता.

शिकवणीची गोष्ट सानूनेच सिस्टरना सांगितली असणार. एकदा कुंपणापाशी त्या मला म्हणाल्या, "माह्या घरचं खाल्लं, हे सांगाची तुले लाज वाटते का, बापू?" मी कुंपणावरची वाळलेली पानं खुडत राहिलो.  "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पोरगी जेवून राहिली ना. पन एक गोठ ध्यानात ठेव. लेकराच्या ताटात जे पडते तेच त्याच्या अंगी लागते असं नाई. घरात जे पायते, ते बी लागते."

दीड वर्ष ही शिकवणी चालली. मग सिस्टरचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना अमरावतीला घेऊन गेली. जाताना त्यांनी टॅक्सीवाल्याची पापणी ओढली आणि अर्ध्या रस्त्यात त्याला डाळिंब घ्यायला लावलं म्हणतात. पाच वर्षांनी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, त्यांच्या मुलीचा फोन आला. सिस्टर झोपेत गेल्या.

मी फोन ठेवला. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. ऐकून म्हणाली, "लय भली बाई होती. आपल्या सानूले किती जीव लावला."

माझ्या आत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तेव्हा वर आलं. मी म्हणालो, "भली होती, तर तिच्या घरचा एक घोट पानी काहून नाई पेली तू? अन् सानू शिकवनीले नोयती जात. जेवाले जाय. तू गायीच्या टोपल्यात टाकत होती ना, तेच खाऊन ते वाचली."

आईने शेंग फोडली. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी मालूम पडलं. पोरीच्या हाताले अंबाडीच्या भाजीचा वास ये. मी अडवलं का?"

"मालूम होतं, तर एकडाव जाऊन तिले सांगाचं होतं."

"तू काहून नाई सांगतलं?" आईने विचारलं आणि पुढची शेंग घेतली.

सिस्टरच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या दिवसकार्याला, आम्ही अमरावतीला निघालो, तर आई माझ्याआधी तयार होऊन गाडीत बसली होती. तिथे बुद्धवंदना झाली, चार लोक बोलले, मग जेवणाला बसवलं. सिस्टरच्या मुलीने आईसमोर ताट ठेवलं. आईने पदर सावरला, पाणी प्याली आणि जेवली. भाकर मागून घेतली. ताटात काही ठेवलं नाही. सानू तिच्याकडे पाहत होती.

लोक म्हणतील, शेवट गोड झाला. मला त्या ताटाकडे पाहून जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि तो आईवर कमी, माझ्यावर जास्त आहे. हे ताट आमच्या दारापासून अठरा पावलांवर कितीतरी वर्षं वाढलेलं होतं. आम्ही त्यासाठी शंभर किलोमीटर गेलो, आणि वाढणारी उठून गेल्यावर गेलो.