हरणाबाईंच्या गच्चीवरचं ऊन

"गच्ची माझी हाय. तुला सोलर बसवायचं तर पत्र्यावर बसव!" हरणाबाई जिन्यात आडव्या उभ्या होत्या.

"माय, पत्रा वजन धरत न्हाय," शिवराज वैतागला. "धाराशिवात ऊन काय कमी हाय? आन बिल येतंय म्हणून उन्हाळाभर पंखा बंद करत कोण हिंडतंय? तूच की!"

"त्या प्लेटांच्या सावलीत कुरडई वाळंल का बुरसंल, ते सांग."

गच्ची मोजायला आलेला माणूस टेप हातात धरून चहा पीत राहिला.

गल्लीत पहिला स्लॅब हरणाबाईंच्या घरावर टाकला गेला होता. नवरा धुळाप्पा एसटीत मेकॅनिक. बाकी गल्ली पत्र्याची, नाहीतर मातीच्या माळवदाची. चैत्र लागला की बाया गव्हाचा चीक घेऊन याच गच्चीवर यायच्या. उन्हं तापायच्या आत चीक शिजायचा, जुन्या लुगड्यांवर कुरडया पडायच्या. शेजारची इरम्मा कानडीत सासूची नक्कल करायची आणि कानडी न कळणाऱ्याही पोट धरून हसायच्या. रीत अशी, की चिकाची पहिली वाटी नव्या सुनेला. खाली घरात मान वर न करणारी पोर इथं गूळ कालवून बोटं चाटायची. शिवराजची बायको दैवशाला त्या वाटीनंतरच या घरात बोलायला लागली. धुळाप्पा ड्यूटीवरून आले की कावळे हाकायला बसायचे. कावळ्यांपेक्षा जास्त ओल्या कुरडया तेच खायचे. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"आत्याबाई," रिकामा कप उचलत दैवशाला हळूच म्हणाली, "आता वर आपण दोघीच असतो की."

हरणाबाईंनी वर गच्चीकडं पाहिलं. इरम्मा लेकाकडं सोलापूरला गेली. बाकीच्या घरांत दुकानातली पाकिटं येतात. गेल्या साली तर चीक हाटताना सासू-सुनेत चार शब्दही झाले नव्हते. दोघींनाही एकदाचं उरकायचं होतं.

हरणाबाई जिन्यातून बाजूला झाल्या.

"जा बाबा वर, घे मोजून," त्या माणसाला म्हणाल्या. मग शिवराजकडं वळल्या. "गच्चीभर लाव तुझ्या प्लेटा. बेंबळीला माझ्या भावाच्या अंगणात अजून बाया जमतात. यंदा कुरडया तिकडं करणार. दैवशाला माझ्यासंगं येणार. आठ दिवस तुझा सैपाक तू बघ."