काजळीच्या घराला आतून कडी नव्हती

काजळी,

तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. त्या मासिकाच्या संपादिकेचा फोन आला होता. तिला म्हणे ‘अंधाराची लेखिका’ अशा मथळ्याखाली काहीतरी हवं आहे, आणि तुला जवळून ओळखणारी मी एकटीच उरले आहे. मी म्हटलं, आधी मथळा बदला, नाहीतर दुसरं कुणी शोधा. खरं सांगायचं तर तुझ्याविषयी परक्यांशी बोलायला बसले की माझं तोंड बंद होतं, आणि तुझ्याशी भांडायला बसले की भराभर सुचतं. म्हणून हे तुलाच लिहिते. पुढं काय करायचं ते संपादिकाबाईंनी बघावं.

आपली खोली छापखान्याच्या माळ्यावर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी, तीही भिंतीकडं उघडणारी. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचे कप थरथरायचे आणि तू बशीवर बोट ठेवून त्यांना गप्प करायचीस. मी प्रुफं तपासायची, तू मूळप्रत वाचायचीस. हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : एकीनं लेखकाचा कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापून आलेल्या ओळीवर पेन्सिल फिरवत ताडून बघायचं. शब्द तर वाचायचेच, पण स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण चालू, अवतरण बंद, नवा परिच्छेद हेही तोंडानं म्हणायचं. आवाजात चढउतार नको. जीव ओतून वाचणारी बाई या कामाला कुचकामी, कारण ऐकणारी रंगून जाते आणि चूक निसटते. तुझ्यासारखं कोरडं वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. खून असो, लग्नपत्रिका असो, तुझा सूर एकच.

ती सवय इतकी हाडीमासी खिळली की माझा नवरा गेला तेव्हा शोकसभेत तू कागद काढलास आणि भर सभेत वाचलंस, ‘आमच्या ताईंचे यजमान स्वल्पविराम अत्यंत शांत स्वभावाचे होते पूर्णविराम.’ माझ्या जावेनं तोंडात पदर कोंबला. छापखान्याचा फोरमन खोकायला लागला तो थांबेचना. आणि मी, कितीतरी दिवसांनी, हसले. तू मात्र शेवटपर्यंत वाचलंस, एकही विराम न गाळता. खाली बसल्यावर माझ्या कानात म्हणालीस, ‘असं वाचलं नसतं तर मला वाचताच आलं नसतं.’ मला तेव्हा वाटलं, काहीतरी सारवासारव करते आहे.

काजळी हे नाव फोरमनचंच. तुझी पहिली गोष्ट आपल्याच छापखान्यात छापली गेली तेव्हा तो म्हणाला होता, हिच्या पानाला शाई कमी घाला, मजकूरच काळाकुट्ट आहे. तुला राग आला नाही. उलट पुढं कवितांखाली तू हेच नाव घालायला लागलीस. तुझ्या कवितेत कधी सकाळ झाली नाही. गोष्टी तर विचारूच नयेत. एकीत नवरा-बायको मिळून घरातली एकेक खिडकी विटांनी बुजवतात. एकीत म्हातारा रोज रिकाम्या खोलीपुढं जेवणाचं ताट ठेवतो आणि रोज ते उचलून नेतो. आणि कुठलीही गोष्ट घ्या, तिच्यात एक दार असायचं आणि ते बाहेरून बंद असायचं. समीक्षकांना तेवढंच पुरे. एकानं लिहिलं की हे दार म्हणजे स्त्रीची घुसमट. दुसऱ्यानं लिहिलं की हे दार म्हणजे माणसाचं एकाकीपण. ती दोन्ही परीक्षणं मीच तुला वाचून दाखवली. तू पेन्सिल चावत म्हणालीस, ‘माझं दार म्हणजे दार आहे. सागाचं.’

मी तुझ्यामागं लागायची, बाई गं, एकदा तरी माणसाला हसू येईल असं काही लिही. तुझं पुस्तक भेट द्यायचं म्हणजे पंचाईत. कुणाच्या वाढदिवसाला देता येत नाही, आजाऱ्याच्या उशाशी तर नाहीच नाही. तू म्हणायचीस, तुला हसवते तेवढं पुरे नाही का? आणि खरंच, लिहिताना तू कितीही काळी असलीस तरी बोलताना तुझी जीभ अशी चालायची की हसून हसून माझी पेन्सिल ओळीवरून घसरायची.

तुझ्या घराची तर तऱ्हाच होती. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. होत्या त्या तू स्वतः स्क्रू फिरवून काढल्यास आणि स्क्रू बिस्किटांच्या डब्यात ठेवलेस. न्हाणीघराचीही सुटली नाही. तुझ्याकडं आलेल्या माणसानं आंघोळीला गेल्यावर गाणं म्हणायचं, असा नियम. तुझा धाकटा भाऊ गाता येत नाही म्हणून आत पाढे म्हणायचा. त्याची बायको एकदा आली, तिनं दाराशी बादली लावली, आणि पुन्हा राहायला म्हणून काही आली नाही. मी आपली भसाड्या आवाजात जे सुचेल ते ओरडायची आणि बाहेर येऊन तुला शिव्या घालायची. कडी का नाही असं विचारलं की तू चहा टाकायला उठायचीस.

मग तो अहवाल आला. औषधविक्रेत्यांच्या संघटनेचा वार्षिक अहवाल, वाचता वाचता जांभया आणणारा. दुपारची वेळ, खाली यंत्र बंद. तू वाचत होतीस, सभासदांची संख्या यंदा समाधानकारक वाढली पूर्णविराम. नवा परिच्छेद. आणि त्याच सुरात पुढं :

‘आईला मागच्या खोलीत ठेवत असत पूर्णविराम.’

माझी पेन्सिल ओळ शोधायला लागली. वर नाही, खाली नाही. मला वाटलं जुळणी करताना अख्खा परिच्छेद राहून गेलाय. मी समासात ‘मजकूर सुटला’ अशी खूणसुद्धा केली. कामाचं माणूस दुसरं काय करणार.

‘तान्हं बाळ गेल्यापासून तिचं मन ठिकाणावर नव्हतं पूर्णविराम ती रस्त्यानं चालत सुटायची स्वल्पविराम म्हणून वडील कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचे पूर्णविराम किल्ली माझ्याकडं असायची स्वल्पविराम कारण मी शहाणी होते पूर्णविराम’

मी मान वर केली. तुझे डोळे कागदावरच होते, बोटही ओळीखाली सरकत होतं. मी तुला थांबवलं नाही. तू सांगत गेलीस आणि एक विराम गाळला नाहीस. शाळा सुटली की तू धावत घरी यायचीस, कुलूप काढायचीस, तिला बाहेर ओट्यावर बसवायचीस. धाकटा भाऊ शेजारी असायचा, त्याला आणायचीस. त्या दिवशी शाळेत कविता म्हणायची स्पर्धा होती. बाईंनी तुला थांबवून घेतलं. आईला ताप होता, पण पाणी आत ठेवलेलं होतं, आणि वडील म्हणाले होते की झोपून राहील. तू कविता म्हटलीस, पहिली आलीस, घरी पोचायला उशीर झाला. तांब्या कलंडलेला होता. आई दारापाशी होती. सागाच्या दाराला खालच्या बाजूनं, आतून, नखांचे ओरखडे होते.

‘कविता छान म्हटलीस स्वल्पविराम असं बाई म्हणाल्या होत्या पूर्णविराम’ तू म्हणालीस. आणि लगेच, ‘नवा परिच्छेद. खजिनदारांचा अहवाल.’

मी रबर घेतलं आणि समासातली ती खूण पुसली. खजिनदारांचा अहवाल आपण पुरा केला. त्यात चुका राहिल्या असतील तर राहोत.

तेव्हा मला एकेक गोष्ट कळत गेली. तुला कवितावाचनाची आमंत्रणं यायची आणि तू एकदाही व्यासपीठावर का चढली नाहीस. संध्याकाळी घरी जायला तुला उशीर झाला की तुझे हात गार का पडायचे, खरं तर घरी वाट बघणारं कुणीच नव्हतं. न्हाणीघरात गाणं का म्हणायचं. आतून आवाज येत राहायला हवा होता तुला, एवढंच.

त्यानंतर मी तुझ्यामागं लागणं सोडलं असं लिहिलं तर बरं दिसेल. सोडलं नाही, उलट जोर वाढवला. मी म्हटलं, गोष्ट तुझी आहे, लेखणी तुझ्या हातात आहे, मग ती मुलगी वेळेवर घरी येते असं लिही ना. कोण अडवतंय? एकदा ते दार उघडून टाक आणि मोकळी हो. तू म्हणालीस, बघते.

बघण्यात तुझी वर्षं गेली. दर खेपेला मुलगी शाळेतून निघायची, धावत यायची, कुलपात किल्ली फिरवायची, आणि तिथं तुझी लेखणी अडायची. मी चिडायची. किल्ली फिरली ना, मग उघड की बाई. एकदा तू चिडून उत्तर दिलंस, तेवढं मात्र माझ्या काळजात घर करून बसलं. ‘उघडलं की आत काय लिहू, ताई? मला एकच आई माहीत आहे, पडलेली. उभी असलेली आई मला आठवतच नाही.’

मधल्या काळात तुझ्या बाकीच्या गोष्टी आणखी काळ्या झाल्या आणि लोकांना आणखी आवडायला लागल्या. वाचक लिहायचे, तुमच्या गोष्टीनं झोप उडाली. तू म्हणायचीस, माझी तरी कुठं लागते. छापखान्यात संगणक आले, मूळप्रत वाचणारं माणूस नकोसं झालं, आपण दोघी घरी बसलो. तुझी छाती भरायला लागली, दोन वाक्यांनंतर धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, जिने चढू नका. तू म्हणालीस, मी तळमजल्यावरच जन्म काढलाय.

मग माझा गुडघा बदलायचा ठरला. सून म्हणाली, आमच्याकडं या. सून गुणी आहे, पण तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि तिच्या घरी दिवसभर टीव्ही. मी तुला म्हटलं, तुझ्याकडं येते, पण एका अटीवर. काठी टेकत, पाय धरत मी न्हाणीघरात जाणार आणि वर गाणंही म्हणणार, हे व्हायचं नाही. न्हाणीघराला कडी हवी. तू नेहमीसारखी चहा टाकायला उठलीस. मी ओरडले, चहा नको, कडी हवी. तू आधण ठेवलंस.

सोमवारी दुपारी तुझा फोन आला. ‘ताई, कडी आणू या.’

मी म्हटलं, अगं, आज सूर्य कुठं उगवला?

‘दार उघडलं,’ तू म्हणालीस.

मला आधी कळलंच नाही. तू सांगायला लागलीस, आणि धाप लागत होती तरी थांबेनास. मुलगी येते, कुलूप काढते, दार ढकलते. दार ढकललं जात नाही. आतून कडी आहे. ती हाका मारते. आणि आतून आई म्हणते, ‘थांब गं जरा, केस विंचरतेय. आलेच.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय. मुलगी पायरीवर बसते. आतून कंगव्याचा आवाज येत राहतो. तिला कळतं, आज आईनं दार आपलं आपण लावून घेतलंय.’

काजळी, इतक्या वर्षांत मी तुझ्या तोंडून हजारो पानं ऐकली. त्या दुपारी पहिल्यांदा तुझा आवाज वर गेला, खाली आला, मध्येच हसला, आणि एकही स्वल्पविराम तू बोलून दाखवला नाहीस. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणून मी खेकसले, फोनवर काय सांगतेस, आधी कागदावर उतरव. तू म्हणालीस, ‘उतरवीन गं. आधी कडी आणू, ती दाराला लागलेली बघते, मग बसते लिहायला.’

बुधवारी सकाळी तू गेलीस. शेजारणीकडं बाहेरच्या दाराची किल्ली होती, आतलं दार नुसतं लोटलेलं होतं. तू खुर्चीत होतीस, चष्मा नीट घडी करून मांडीवर ठेवलेला. तुझ्या भावानं सगळे कागद उलथेपालथे केले. प्रत्येक खर्डा किल्ली फिरेपर्यंत येऊन थांबलेला. तो माझ्यापुढं बसून लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, आई कशी होती ते मला आठवत नाही, अक्काच्या गोष्टीतली तरी बघायला मिळाली असती. त्याला मी कंगव्याचं सांगितलं. जसं तू सांगितलंस तसंच, एवढंच. संपादिकाबाई म्हणाल्या, तुम्ही पुरी करा ना गोष्ट, तुम्हाला शेवट माहीत आहे. मी सरळ नाही म्हटलं. प्रुफं तपासणाऱ्या बाईनं पदरचा शब्द घालायचा नसतो, आणि मूळप्रत वाचणारी तर आता समोर नाही.

गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानापाशी भेटायचं ठरलं होतं. चौकटीचं माप तू आणणार होतीस. स्क्रू घ्यायचे नाहीत, जुनेच चालतील, बिस्किटांच्या डब्यात आहेत, असं तू मला दोनदा बजावलं होतंस.